खाडीपुलाच्या काँक्रीटमध्ये राख कशाला?

प्रश्न : आमच्या गावाजवळ खाडीवर पूल होतोय. साइटवर डोकावलो तर सिमेंटमध्ये चक्क राख टाकतायत, नदीची वाळू नाहीच, सगळी क्रश सँड. विचारलं तर म्हणे हे हाय परफॉर्मन्स काँक्रीट. येडं बनवतायत का आम्हाला?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : नाही हो, राखेवरून भांडू नका. हाय परफॉर्मन्स म्हणजे जास्त टिकाऊ काँक्रीट, आणि राख त्याचाच भाग. ती औष्णिक वीज केंद्राची फ्लाय अ‍ॅश असते, चुलीतली नव्हे. सिमेंट पाण्यात मुरताना चुना सुटतो, राख त्याच्याशी हळूहळू जमवून घेते आणि बारीक छिद्रं बुजत जातात, म्हणजे खाऱ्या पाण्याची सळईकडे जायची वाटच अरुंद होते. पोलाद कारखान्याची स्लॅग, म्हणजे लोखंड वितळवताना निघणारी मळी, दळून घातली तर तीही तेच काम करते. फक्त हे सगळं सावकाश होतं, त्यामुळे ७ दिवसांचा क्यूब (ताकद तपासायला ओतलेला काँक्रीटचा ठोकळा) जरा कमी भरला म्हणून लगेच बोंब मारू नका.

क्रश सँडचंही तसंच, आपल्या काळ्या कातळाची खडी आणि तिचीच वाळू, भारतीय मानकात ती बसते. खाडीतून उपसलेली न धुतलेली वाळू आली तर मात्र भांडा, त्यातलं मीठ सळईला आतूनच खातं. पणजीचा मांडवी पूल आठवतोय ना? वय वीससुद्धा नव्हतं, १९८६ च्या जुलैत कोसळला, काँक्रीटला ताणून धरणाऱ्या आतल्या पोलादी केबल गंजल्या होत्या.

खरी गोची पुढे आहे. ट्रान्झिट मिक्सर, म्हणजे काँक्रीट आणणारा फिरत्या ड्रमचा ट्रक, उन्हात तासभर अडकला, माल घट्ट झाला, की कुणीतरी ड्रममध्ये पाइप सोडतो आणि 'आता कसं लोण्यासारखं' म्हणतो. संपलं! मिक्स डिझाइन, म्हणजे मालाचं ठरवलेलं प्रमाण, कितीही भारी असू दे, त्या जादा पाण्याची जागा पुढे छिद्रंच होतात. माल सैल हवाच असेल तर त्यासाठीचं रसायन, अ‍ॅडमिक्श्चर, आहे ना, पाणी कशाला.

आणि क्युरिंग. राख घातलेल्या काँक्रीटला निदान १० दिवस, जमलं तर १४ दिवस ओलं ठेवायचं, नुसतं सकाळी पाइप फिरवून नाही, गोणपाट दुपारीसुद्धा हाताला ओलं लागलं पाहिजे.

पुन्हा गेलात तर कव्हर ब्लॉक बघा, म्हणजे सळई साच्यापासून ठरलेल्या अंतरावर धरणारे छोटे ठोकळे. भरती-ओहोटीत भिजणाऱ्या खांबाला सळईबाहेर ७५ मिमी काँक्रीट लागतं, आणि तिथे ब्लॉकऐवजी फरशीचे तुकडे खुपसलेले दिसले तर फोटो काढा आणि माल ओतायच्या आत इंजिनिअरसाहेबांना गाठा, नंतर काही दिसत नाही.