ती बुरशी नव्हे, किडा आहे. आज रात्रीच डबा फ्रीजमध्ये ठेवा

तुम्ही लिहिलंय की मामांनी क्यूबातल्या हवानाहून आणलेला 25 सिगारांचा डबा चार वर्षांनी उघडला, तर सहा-सात सिगारांना टाचणीएवढी भोकं आणि तळाशी तपकिरी भुकटी. वाचून पोटात गोळाच आला. 2017 च्या जूनमध्ये मीही असाच डबा मांडीवर घेऊन बसलो होतो.

मी जहाजावर इंजिनिअर होतो. हवानात एकदा कारखाना बघायला मिळाला. एक बाई पानाची मधली शीर ओढून काढत होती. शेजारची चावेताने, म्हणजे मूठ नसलेल्या गोलसर पात्याने, वरचं पान कापून गुंडाळत होती. आतलं पान, ते बांधणारं पान आणि सगळ्यात वरचं पान, सगळं हाताने. समोर उंचावर बसून एक जण वर्तमानपत्र वाचून दाखवत होता. ही वाचनाची प्रथा 1865 पासूनची, आणि सुरुवातीला वाचकाचा पगार कामगारच आपल्या मजुरीतून देत. ते पाहिल्यापासून सिगार वाया गेला की मला त्या बायकांचे हात आठवतात.

परत येताना माझ्याकडे दोन डबे होते. 25 सिगारांपर्यंत सीमाशुल्क नव्हतं. वरच्या 25 चं भरतो, असं मी स्वतःहून सांगितलं. (नियम बदलतात, तुमचे तुम्ही तपासा.) तरी कस्टमवाल्यांनी दुसरा डबा ठेवून घेतला. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. एप्रिल-मे मिळून पाच खेपा घातल्या. एकदा सही करणारे साहेब रजेवर, एकदा पावतीवरचा शिक्का नीट उमटलेला नाही, एकदा गोदामाची किल्लीच जागेवर नाही. गोदामाला पत्र्याचं छप्पर, आणि शेजारी तंबाखूची पोती. डबा हातात आला 2 जूनला. शुल्क तेवढंच भरलं, जेवढं पहिल्या दिवशी भरलं असतं. तो राग अजून गेलेला नाही.

पण खरी चूक त्यानंतर माझी झाली. वरून एकही भोक दिसत नव्हतं, म्हणून मी ते सिगार हौसेने सिगार ओलसर ठेवायच्या जुन्या पेटीत, दहा वर्षं जपलेल्या सिगारांशेजारी लावले. नुकसान करते ती अळी, आणि ती आतच असते. भोक पडतं ते किडा बाहेर पडताना. उकाड्यात अंड्यापासून किड्यापर्यंत महिना-दीड महिना पुरतो. ऑगस्टपर्यंत जुन्यांतले अर्धे गेले. म्हणून माझं ठाम मत: कारखान्यात गोठवलेला माल असला, कुठल्याही ब्रँडचा असला, तरी बाहेरून आलेला सिगार गोठवल्याशिवाय जुन्यांत मिसळायचा नाही. काही जुने शौकीन म्हणतात गोठवल्याने चव जाते. मला तरी फरक कळला नाही.

दुहेरी पिशवीत घालून हवा काढा. एक दिवस खालच्या कप्प्यात, मग फ्रीजरमध्ये, मग परत एक दिवस खाली, आणि त्यानंतरच बाहेर. ही पायरी गाळलीत तर वरचं पान तडकतं. घरच्या फ्रीजरला उणे 18 च्या आसपास मिळतं, म्हणून मी पूर्ण आठवडा ठेवतो. मी कीटकतज्ज्ञ नाही, स्वतःचं नुकसान करून शिकलोय. तंबाखू प्रकृतीला वाईट यात वाद नाही, त्यामुळे ओढा असा आग्रह धरणार नाही.

आणखी एक. पेटी स्वयंपाकघराजवळ ठेवू नका. हाच किडा हळदीत, धण्यांत, लाल तिखटातही होतो. पेटीत ओल कशी टिकवावी याचे बहुतेक सल्ले थंड-कोरड्या देशांतले. मुंबईत जुलैत अडचण उलटी, पेटीत पाणी ठेवलंत तर बुरशी हमखास. 65 ते 69 टक्के आर्द्रता राखणारी पाकिटं मिळतात, ती दोन्ही ऋतूंत चालतात. आणि देवदाराची पेटी म्हणून विकतात ती खरी कोणत्या लाकडाची, ते विचारा. सिगारची पेटी ज्या सेद्रेलाची करतात, तो आपल्या तुणीच्या कुळातला. देवदाराशी त्याचं नातं नाही.

भोकवाले सिगार वेगळे काढा, पण फेकू नका. गोठवून झाल्यावर एखाददुसरं भोक असलेला बऱ्याचदा ओढता येतो. जो चाळणीसारखा झालाय, तो गेला. डब्याच्या तळाला महिना-वर्षाचा शिक्का असेल, तो इथे लिहा. मामांनी नेमके किती जुने आणले होते ते मग सांगता येईल.