मंडप नको, वाण्याची वही पुरे

प्रश्न : मालवण तालुक्यातल्या आमच्या वाडीचं मुंबईत मंडळ आहे. यंदा गणपतीत गावातल्या गरजू कुटुंबांना तांदूळ, डाळ, साखर, तेल असं किट द्यायचं ठरलंय. वाशीहून घाऊक माल उचलून टेम्पोने न्यायचा आणि चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी देवळासमोर मंडप घालून पाहुण्यांच्या हस्ते वाटप करायचं, असा बेत आहे. यादी कशी करावी?
– मंडळाचे चिटणीस, विरार

उत्तर : चिटणीसभाऊ, माझी सगळी नोकरी अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून झाली. 'वाटप' म्हटलं की मला आधी रजिस्टर आठवतं आणि मग रांगेत मान खाली घालून उभ्या असलेल्या बायका. त्यामुळे यादीचं नंतर बघू, आधी तुमच्या बेताचं बोलते.

चतुर्थीचा दुसरा दिवस म्हणजे ऋषिपंचमी. दीड दिवसाच्या घरात तेव्हा विसर्जनाची गडबड असते. खर्च आदल्या आठवड्यातच होऊन गेलेला असतो, तोही उधारीवर. तुमचं तेल-साखर त्या घराला तळणीच्या कढया उतरल्यावर मिळणार. मदत पोचवायची तर चतुर्थीच्या आठ-दहा दिवस आधी पोचवा. त्यासाठी चाकरमान्यांनी गावात असायलाच हवं असं नाही.

दुसरं, तांदूळ. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. तांदूळ बऱ्याच घरांत आहे हो, नाही ती रोकड. सणाला नेमकं रेशनवर न मिळणारंच लागतं : गूळ, रवा, नारळ, तेल, चहा पावडर, काळे वाटाणे, अगरबत्ती, वाती. संध्याकाळी आरतीला आणि भजनाला वाडी घरोघर फिरते. आलेल्यांच्या हातावर लाडू-करंजी नाहीतर उसळ-पाव ठेवावाच लागतो. गरिबाच्या घरी सगळ्यात मोठा घोर हाच असतो. देवाला गुळाचा खडा चालतो, भजनी मंडळींना कसा चालेल? त्यात घरात नवी सून असली तर गौरीला तिचा पहिला ओवसा, म्हणजे सुपं भरून गौर पुजायची. सुपं, फळं, साडी, माहेरासासरचं देणंघेणं, हा खर्च तुमच्या चार वस्तूंच्या पिशवीत कुठे बसतो? कुणाला तेल हवं, कुणाला साडी, कुणाला नुसती वाटाण्याची उधारी मिटायला हवी.

म्हणून माझं ऐकाल तर टेम्पो रद्द करा. गणपतीच्या तोंडावर महामार्गाची काय अवस्था असते ते तुम्हाला मी सांगायला नको, आणि भाद्रपदातल्या पावसात साखरेच्या गोणीचं काय होतं तेही. तेच पैसे वाडीतल्या किराणा दुकानदाराकडे जमा करा. घरटी एक रक्कम ठरवा, दुकानदाराच्या वहीत एक पान उघडा. बाईने येऊन तिला हवं ते न्यावं, वहीवर लिहावं, रक्कम संपली की पान बंद. बघणाऱ्याला ती रोजच्यासारखा बाजार करतेय असंच दिसेल. पैसाही गावातच राहील. दुकानदाराशी एक गोष्ट मात्र आधीच रोखठोक बोलून घ्या : जुनी उधारी या रकमेतून परस्पर वळती करायची नाही. घरवालीने स्वतः सांगितलं तर गोष्ट वेगळी. आणि तंबाखू-गुटख्याला ही वही उघडायची नाही, तेही सांगून ठेवा. दुकानदार हसेल, पण ऐकेल.

आता यादी. ती एकट्या सरपंचाकडून घेऊ नका. तो भला माणूस असेलही, पण निवडणूक जवळ आली की यादीला पक्षाचा वास येतो. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि रेशन दुकानदार यांना वेगवेगळं विचारा. तिघांनी सांगितलेली नावं आधी घ्या, एकाच यादीत आलेल्या घरी स्वतः जाऊन बसा. रेशन कार्डाच्या रंगावर सगळं सोडू नका. आपल्याकडे एक घर हमखास सुटतं : चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं, दारात मोठं वृंदावन, मुलगा मुंबईला. लोक म्हणतात, तिला काय कमी? मुलाचा पैसा यायचा कधीच थांबलेला असतो आणि म्हातारी ते कुणाला सांगत नाही. अशा घरी 'मदत' म्हणून गेलात तर ती दारातूनच विचारेल, "आमका काय भिकारी समाजलास?" तिथे तुमच्या मंडळातल्या तिच्या भाच्या-पुतण्याने जावं आणि काकीच्या हातात पाकीट ठेवून नमस्कार करावा. वयाने लहान माणसाने सणाला दिलेलं काकी परत करत नाही.

मूर्तीचे पैसे मात्र देऊ नका. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, पाट आपण द्यायचा आणि मूर्तीचे पैसेही आपणच मोजायचे, याचा गरीब घरालाही अभिमान असतो. तेवढा त्यांचा त्यांना राहू द्या.

मंडपाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. भजनाच्या डबलबारीला (दोन बुवांच्या सामन्याला) घाला, सत्काराला घाला. पिशवी घेताना फोटो काढला की तो रात्रीपर्यंत गावाच्या ग्रुपवर येतो आणि त्या घरातला मुलगा मग शाळेत जायला कां-कूं करतो.

प्रश्न : आम्ही दापोली तालुक्यातली कॉलेजची मुलं. दिवाळीत हर्णै बंदरावरच्या खलाशांच्या कुटुंबांना फराळ आणि किराणा द्यायचा आहे. चालेल ना?
– एक विद्यार्थिनी, दापोली

उत्तर : फराळ जरूर द्या, तो कुणालाही चालतो. किराणा मात्र तेव्हा नको. दिवाळीत होड्या समुद्रात असतात, हातात पैसा खेळता असतो. खरी ओढाताण पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, पुढे नारळी पौर्णिमा झाली तरी दर्या शांत होईलच असं नाही. याच काळात शाळा सुरू होतात, वह्या-छत्र्या लागतात, आणि खलाशी मालकाकडून पुढच्या हंगामाची उचल घेऊन बसतो. तुमचा निधी जूनसाठी राखून ठेवा. बरेच खलाशी नेपाळ, कर्नाटकाकडचे असतात. ते बंदीत गावी जातात, त्यांची कुटुंबं इथे नसतातच. इथे राहतात त्या स्थानिक खलाशांच्या आणि पाटी घेऊन मासे विकणाऱ्या बायका. त्यांच्याशी बोला. सकाळी लिलावाच्या वेळी नव्हे, तेव्हा कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते.

प्रश्न : आमच्या मंडळाची नोंदणी नाही. मदतीसाठी वर्गणी काढली तर चालेल का? देणगीदार आयकराच्या सवलतीचं विचारतात.
– खजिनदार, देवगड

उत्तर : लोकांकडून वर्गणी घ्यायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. अर्ज ऑनलाइन करता येतो, तो आधी करा. ज्याला आपण '८०जी' म्हणतो ती सवलत तुमच्या पावतीवर मिळणार नाही, तसं स्पष्ट सांगून टाका. ज्यांना ती हवीच आहे त्यांनी मान्यताप्राप्त संस्थेला द्यावं. तिथेही २००० रुपयांच्या वरची रोख देणगी आणि वस्तूंच्या रूपातली देणगी सवलतीत धरत नाहीत. हिशेब सणानंतरच्या गावबैठकीत वाचा : जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. घरांची नावं वाचू नका. कुणी हट्टच धरला तर दोन वडीलधाऱ्यांना बाजूला बसवून वही दाखवा.