पद्मिनी ‘टोटल लॉस’मध्ये काढण्याआधी एस्टिमेट फोडून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. सिग्नलला उभी असताना टेम्पोने डाव्या बाजूने ठोकली. मडगार्ड, बॉनेट, ग्रिल, रेडिएटर आणि पुढची काच गेली. आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, ८०,००० आणि गॅरेजवाल्याचं दुरुस्तीचं एस्टिमेट ७२,०००. नुकसान तपासणारा विमा सर्व्हेयर म्हणतो, खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर जातोय, टोटल लॉस करा, म्हणजे दुरुस्ती न करता गाडी पूर्ण गेली असं धरून पैसे घ्या. सही करू का?

अजिबात करू नका. निदान आठवडाभर तरी नाही.

७५ टक्क्यांचा नियम खरा आहे. पण पॉलिसीतलं ते वाक्य नीट वाचा. दुरुस्तीचा खर्च ‘पॉलिसीच्या अटींच्या अधीन राहून’ आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला तर टोटल लॉस, असं तिथे लिहिलेलं आहे. म्हणजे घसारा (भाग जुना म्हणून कापलेली रक्कम) आणि सक्तीची वजावट (प्रत्येक क्लेममध्ये मालकाने सोसायची ठरावीक रक्कम) काढल्यावर जी रक्कम कंपनीच्या अंगावर येते, ती मोजायची. तुमचा सर्व्हेयर गॅरेजवाल्याचा सरसकट आकडा धरून बसलाय. ‘सगळं मिळून बहात्तर हजार’ असं एका ओळीत लिहून दिल्यावर तो तरी दुसरं काय धरणार!

म्हणून गॅरेजवाल्याकडून एस्टिमेट फोडून घ्या: सुटे भाग वेगळे, मजुरी वेगळी, रंगकाम वेगळं. दहा वर्षांपेक्षा जुन्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा लागतो, रबर-प्लास्टिकवरही ५० टक्के. काचेवर घसारा नाही. रंगाच्या फक्त मालावर ५० टक्के कापतात, आणि रंगाचं बिल एकत्रित असेल तर त्यातला २५ टक्के भाग माल धरतात. मजुरीवर घसारा लागत नाही. जुन्या गाडीवाल्यांनी ही शेवटची गोष्ट तोंडपाठ करून ठेवावी.

तुमच्या गाडीचं उदाहरणादाखल मांडतो. धातूचे भाग २२,०००, रबर-प्लास्टिक ४,०००, काच ४,०००, डेंटिंगची मजुरी २६,००० आणि रंग १६,००० धरा. बेरीज तीच ७२,०००. आता कापाकापी करा: धातूचे ११,००० उरतात, रबराचे २,०००, काच पूर्ण ४,०००, मजुरी पूर्ण २६,०००, रंगाचे १४,०००. झाले ५७,०००. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी, म्हणजे १५०० च्या आत, त्यामुळे सक्तीची वजावट १,०००. राहिले ५६,०००. तुमची मर्यादा ८०,००० चे ७५ टक्के, म्हणजे ६०,०००. गाडी टोटल लॉसमध्ये बसतच नाही.

यातूनच दुरुस्तीचा मार्गही ठरतो. मडगार्ड बदलायला जाल तर अर्धे पैसे खिशातून जातील, आणि हाती येणारा पत्रा कुठल्या गाडीचा, किती गंजलेला, कोण जाणे. पूर्वी काळी-पिवळी भंगारात निघायची तेव्हा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पद्मिनीचे भाग सहज मिळायचे. मुंबईतली शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तो झरा आता आटत जाणार. तुमचा मूळ पत्रा फाटला नसेल तर तो ठोकून सरळ करून घ्या. त्यात मजुरी जास्त लागते, पण ती क्लेममध्ये पूर्ण मिळते आणि गाडीचं अंग मूळचं राहतं.

डेंटर मात्र जुना बघा. पार्ट बदलून पुट्टी फासणारा नको. हातोडी आणि डॉली (पत्र्याच्या मागे धरायचा लोखंडी ठोकळा) घेऊन पत्रा दोन्ही बाजूंनी बसवणारा हवा. ताणला गेलेला पत्रा गॅसने एका ठिपक्याएवढा लाल करायचा, हलकेच ठोकायचा आणि ओलं फडकं दाबायचं. चर्र आवाज होतो आणि पत्रा डोळ्यांदेखत आक्रसतो. हे ज्याला येतं त्याला मडगार्ड बदलावं लागत नाही. प्रायमर मारण्याआधी उघड्या पत्र्याचे फोटो काढा. रंग झाल्यावर पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे खाली पुट्टीचा थर आहे. रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर तो डाक देऊन दुरुस्त होतो, लगेच ॲल्युमिनियमचा घालू नका.

आणि एक गोष्ट रंगाच्या कितीतरी आधी. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. पुढच्या सस्पेन्शनच्या जोडणीपासून मागच्या पक्क्या बिंदूपर्यंत टेपने कर्ण मोजायला लावा, डावा-उजवा दोन्ही. फरक आला तर ओढकामाची मजुरी एस्टिमेटमध्ये आली पाहिजे. गाडी खोलल्यावर नवं नुकसान दिसलं तर पुरवणी एस्टिमेट देता येतं. फक्त सर्व्हेयरने ते पाहण्याआधी कामाला हात लावू नका.

टोटल लॉसला मी एवढा विरोध का करतोय? ‘पैसे घ्या, भंगार तुमच्याकडेच ठेवा’ हे ऐकायला बरं वाटतं. पण अशा क्लेममध्ये कंपन्या बहुधा आरसी रद्द करून आणायला सांगतात. आरसी गेली की वडिलांची गाडी अंगणातलं लोखंड होते, मग तुम्ही ती कितीही सुंदर उभी करा. आरसीचं पाच वर्षांचं नूतनीकरण चालू आहे ना, तेही आजच बघा. मुदत संपलेली असेल तर कंपनीला आयतं कारण मिळेल.

फोडलेलं एस्टिमेट आणि वरचा हिशोब सर्व्हेयरला आणि कंपनीला ईमेलने पाठवा. फोनवर वाद घालू नका. सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा, ती मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडून महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, फी नाही, वकीलही लागत नाही.

घसाऱ्यात गेलेल्या रकमेसाठी टेम्पोच्या थर्ड पार्टी विम्यावर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा करता येतो. त्यासाठी पोलिसांत नोंद, टेम्पोचा नंबर आणि त्याच्या पॉलिसीचा तपशील हवा. अर्जाची मुदत अपघातापासून सहा महिने. इथे मात्र वकील घ्या. एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाईल म्हणून क्लेम सोडायचा विचार तर करूच नका, एवढ्या आयडीव्हीवर तो फरक किरकोळ असतो.

पुढच्या नूतनीकरणाला ८०,००० वर सही करू नका. पाच वर्षांवरच्या आणि बंद झालेल्या मॉडेलची आयडीव्ही कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, तिला छापील कोष्टक नाही. मान्यताप्राप्त मूल्यनिर्धारकाचा अहवाल आणि दुरुस्तीची सगळी बिलं जोडून आकडा मागा. तोपर्यंत गॅरेजवाल्याला सांगून ठेवा, काढलेला एकही भाग, अगदी ग्रिलची वाकलेली पट्टीसुद्धा, तुम्हाला विचारल्याशिवाय भंगारात टाकायची नाही. एस्टिमेट फोडून आलं की आकडे इथे टाका, मी बघून देतो.