लिंबाच्या पानावरची चंदेरी नक्षी

प्रश्न : कुंडीतल्या कागदी लिंबाच्या नव्या पानांवर चकचकीत, वेड्यावाकड्या रेषा उमटल्यात. टोमॅटोवर येते तीच नागअळी का?

उत्तर : नाही. टोमॅटोवरची नागअळी माशीची, ही पतंगाची. शास्त्रीय नाव फायलोक्निस्टिस सिट्रेला. पतंग जेमतेम 2 मिलिमीटर लांब, रुपेरी, पंखाच्या टोकाशी काळा ठिपका. अळी पानाच्या पापुद्र्याखाली शिरून रस खात पुढे सरकते. पापुद्रा सुटून खाली हवा भरते, म्हणून ती चमक. पान उजेडाकडे धरा: रेषेच्या मधोमध विष्ठेची काळपट रेघ दिसेल आणि एका टोकाला फिकट पिवळी अळी. शेवटी ती पानाची कड दुमडून तिच्यात कोष करते. पान चुरगळते ते असे.

प्रश्न : निंबोळी अर्क दोनदा फवारला. पाने तशीच आहेत.

उत्तर : तशीच राहणार. वळलेले पान कशानेही सरळ होत नाही, आणि पापुद्र्याखालच्या अळीपर्यंत अर्क नीट पोचत नाही. अंडी पडतात कोवळ्या पानावर; पान जून झाले की मादी तिकडे फिरकत नाही. म्हणून फवारणी नवी पाने 1-2 सेंटिमीटरची असतानाच हवी. 50 ग्रॅम निंबोळी पूड थोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, पाणी घालून 1 लिटर करा, चिमूटभर साबणचुरा विरघळवा. त्याच दिवशी संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंना मारा. शिळा अर्क वापरू नका. पालवी कोवळी असेपर्यंत 7-8 दिवसांनी पुन्हा.

प्रश्न : रोगट पाने तोडून टाकू?

उत्तर : मोठ्या झाडाची नको. उरलेला हिरवा भाग झाडाला अन्न पुरवतोच. रोपे आणि तीन-चार वर्षांची झाडे मात्र जपा, त्यांची वाढ खुंटते. पावसाळ्यात खरी भीती खैऱ्याची (पाना-फळांवर खरबरीत डाग पाडणारा रोग), कारण पोखरलेल्या जागेतून त्याचे जिवाणू सहज शिरतात. त्यासाठी कॉपर ऑक्सिक्लोराइड, 1 लिटर पाण्यात 3 ग्रॅम. पाणसोट (खोड-फांद्यांवर सरळ, जोमाने वाढणारे फुटवे) काढा, आणि युरिया हात राखून द्या. त्याने पालवी फुटतच राहते नि अळीची सोय होते.

प्रश्न : शेजारी कुंतीचे कुंपण आहे. कीड तिथून येते का?

उत्तर : येऊ शकते. कुंती लिंबाच्याच कुळातली, अळी तिच्यावरही जगते. कुंपण उपटू नका, पण सारखी कात्री लावू नका. प्रत्येक छाटणीनंतर तिलाही कोवळी पालवी फुटते.