मनगटावरची पट्टी

चि. बेटा,

काल तुझ्या आईचा फोन आला होता. वजन उतरवायला केलेल्या तुझ्या जठराच्या बायपासला दोन महिने झाले, वजन उतरतंय, ऐकून फार बरं वाटलं. पण डॉक्टरांनी सांगितलेली, ऑपरेशनची माहिती कोरलेली पट्टी तू हातात घालत नाहीस. सोयरिकीला आलेल्या बाया ‘हाई काय शे?’ विचारतील म्हणालीस म्हणे. म्हणून लिहायला बसले.

तुझं काय, माझं काय, आपलं दोघींचं हे ऑपरेशन दुर्बिणीतून झालेलं. पोटावर चार-पाच ठिपके, तेही पुढे फिके होतात. आत जठराचा लिंबाएवढा कप्पा वेगळा करून थेट लहान आतड्याला जोडलाय, हे बाहेरून पाहणाऱ्याला कसं कळणार?

माझंच सांगते. पारोळ्याला एसटीतून उतरताना पाय मुरगळला. जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आधी काही ऑपरेशन? म्हटलं, हो, पोटाचं. आपल्याकडे बाईमाणसाचं पोटाचं ऑपरेशन म्हणजे कुटुंबनियोजनाचं. त्यांनीही तेच धरलं, मीही पुढे बोलले नाही. डायक्लोफिनॅकची सुई मिळाली, पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. त्या संपायच्या आत शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं. जोडाच्या जागी अल्सर होऊन रक्त जात होतं. बायपासवाल्यांनी या जातीची, डॉक्टर ‘एनएसएआयडी’ म्हणतात ती वेदनाशामकं घ्यायची नसतात, हे मला माहीत होतं. पण त्या सुईचं नाव काय, हे मी विचारलंच नाही. शुद्धीत होते, बोलत होते, तरी सांगायचं राहिलं. तू बेशुद्ध असशील तेव्हा कोण सांगेल?

नाकातून पोटात घालतात ती रायल्स ट्यूब आपल्याला अंदाजाने घालणं धोक्याचं. त्या लहान कप्प्याला किंवा जोडाला भोक पडू शकतं. घालायचीच तर दुर्बिणीने किंवा एक्स-रेवर पाहत. आणि सलाईन. जळगावचा मे महिना, ४५ अंश, उलट्या लागल्या की गावात पहिलं सलाईनच लागतं. पण आपल्याला बरेच दिवस उलट्या झाल्या तर बी-१ जीवनसत्त्व संपत आलेलं असतं. तशात नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूवर बेतू शकतं, बी-१ आधी द्यावं लागतं. पुढच्या एखाद्या आखाजीला आमरस-मांडे जरा जास्त झाले, तर एक-दोन तासांनी साखर झपकन उतरून घाम, थरथर, बडबड सुरू होऊ शकते. बघणाऱ्याला वाटेल, हिला उन्हाची चक्कर आली.

पट्टी स्टीलची घे. आई सोन्याचं कडं करू म्हणाली तर नाही म्हण. १०८ वाला त्याला दागिनाच समजेल, वाचणार नाही. भांड्यांवर नावं घालून देतो ना, तोसुद्धा कोरून देईल. अक्षरं इंग्रजी, ठळक. आपला माणूस कधी धुळ्याला, कधी सुरतेला, कधी इंदूरला नेला जातो, तिथल्या डॉक्टरला मराठी येईलच असं नाही. तुझं नाव, गॅस्ट्रिक बायपास आणि वर्ष, ‘नाकातून नळी अंदाजाने नको’, ‘एनएसएआयडी नको’, घरचा नंबर. एवढंच बसतं आणि एवढं पुरतं. बाकीचं, म्हणजे सर्जनचा नंबर, चालू औषधं, बी-१ आणि साखरेची गोष्ट, पर्समधल्या कार्डावर मराठी-इंग्रजीत लिही. मोबाइललाही लॉक न उघडता दिसणारी वैद्यकीय माहिती भरता येते. ती भर, पण मोबाइलवर विसंबू नकोस. अपघातात तो आधी हातातून जातो.

आता सोयरिकीचं. जे घर पट्टी पाहून मागे सरेल, त्या घरात तुझी बी-१२ ची इंजेक्शनं, लोहाच्या गोळ्या, वर्षाची रक्ततपासणी लपवून किती दिवस करशील? हे जन्मभराचं आहे, बेटा. मला तुझी काळजी वाटते ती याच गोष्टीची.

रविवारी सकाळी अमळनेरहून निघते. मजकूर कागदावर लिहून ठेव, स्पेलिंग तुझ्या डॉक्टरांकडून तपासून घे. दुकानात आपण दोघी जाऊ.

तुझ्या बाई