‘डू’ म्हणजे ‘करणे’ एवढंच नव्हे, आणि ‘आय डिड गो’ शंभर टक्के बरोबर आहे

तुम्ही विचारलंय की ‘डू’ या इंग्रजी क्रियापदाचा मूळ अर्थ काय, तो ‘करणे’ असेल तर ‘डू यू नो मराठी?’ या वाक्यात नेमकं काय केलं जातं, आणि ‘आय डिड गो’ असं म्हणणं चुकीचं का मानतात.

आधी शेवटचं घेते, कारण उत्तर लिहायला मी त्याच्यासाठीच बसले आहे. ‘आय डिड गो’ चुकीचं नाही. ते पूर्ण शुद्ध इंग्रजी आहे, इंग्रज रोज तसं बोलतात. तुम्हाला ज्यांनी ते चुकीचं सांगितलं त्यांनी ‘डिड फक्त प्रश्नात आणि नकारात’ एवढा एकच नियम पाठ केलाय आणि तिथेच पुस्तक मिटलंय. असे लोक मी घरातच पाहिले आहेत, त्यावर पुढे येते.

आता मूळ. ‘डू’ हे इंग्रजीतलं अतिशय जुनं, अस्सल घरचं क्रियापद. त्याचा सगळ्यात जुना अर्थ ‘करणे’ नसून ‘ठेवणे’ होता. तुम्ही संस्कृत शिकला असाल तर हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे: आपला ‘धा’ धातू, ‘दधाति’मधला. ठेवणे, धारण करणे. संस्कृत आणि इंग्रजी दोन्ही ज्या एका प्राचीन भाषेतून निघाल्या, त्या मूळ भाषेतला ‘ध’ संस्कृतात ‘ध’ राहिला आणि इंग्रजीच्या घराण्यात ‘ड’ झाला. ‘विधवा’ आणि ‘विडो’, ‘मधु’ आणि मधाच्या दारूचं ‘मीड’ हे नाव, या जोड्यांत तोच नियम दिसतो. त्यामुळे विधी, निधी, संधी, समाधी, विधान, हित हे आपले शब्द आणि इंग्रजांचं ‘डू’ एकाच कुळातले. लॅटिनमध्ये त्याच धातूचं ‘फाकेरे’ झालं, त्यातून ‘फॅक्ट’ आणि ‘फॅक्टरी’ आले. ग्रीकमधून ‘थीम’ आणि ‘थीसिस’ आले. ‘श्रद्धा’ आणि ‘क्रेडिट’ हे तर सख्खे भाऊबहीण. दोन्हींत ‘धा’ आहे, आणि त्याच्या आधीचा तुकडाही एकच आहे. बँकेचं क्रेडिट कार्ड खिशात घेऊन फिरणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

‘डिड’मध्ये दोन ‘ड’ का, हेही त्यातच आलं. ‘दधाति’मध्ये ‘धा’ची सुरुवात दोनदा येते ना? संस्कृत व्याकरणात त्या पहिल्या अक्षराला ‘अभ्यास’ म्हणतात. ‘डिड’मधला पहिला ‘ड’ हा तसलाच अभ्यास आहे, हजारो वर्षं टिकून राहिलेला. इंग्रजीत अशी रूपं जवळजवळ सगळी झिजून गेली, हे एक उरलं.

आणखी एक. ‘वर्क्ड’, ‘लव्ह्ड’ यातलं शेवटचं ‘ड’ कुठून आलं? बहुतेक अभ्यासकांचं मत असं की तो ‘डू’च्याच भूतकाळाचा उरलेला तुकडा आहे. चौथ्या शतकात इंग्रजीच्याच घराण्यातल्या गॉथिक या जुन्या भाषेत बायबलचं भाषांतर झालं. त्या भाषेत ‘आमच्याकडे होतं’ याला ‘हबाइदेदुम’ म्हणत, आणि त्यातलं ‘देदुम’ चक्क ‘केलं’सारखं शेपटीला लावलेलं दिसतं. आपण आज हेच करतो. ‘डिलीट केलं’, ‘फॉरवर्ड केलं’, ‘कॅन्सल केलं’. परका किंवा नवा शब्द आला की त्याच्यामागे ‘करणे’ लावायचं आणि काळ त्या ‘करणे’वर चढवायचा. वर्गात मी हे फळ्यावर लिहून दाखवते तेव्हा सातवीची मुलंसुद्धा डोळे मोठे करतात.

‘डू यू नो मराठी?’मध्ये काय केलं जातं? काहीच नाही. तिथला ‘डू’ अर्थाने रिकामा आहे, तो फक्त काळाचं ओझं उचलणारा हमाल आहे. पूर्वी इंग्रजीत त्याची गरज नव्हती. ‘नो यू द वे?’, ‘आय नो नॉट’ असंच बोलत. पंधराव्या-सोळाव्या शतकात हा ‘डू’ सगळीकडे शिरला, प्रश्नात, नकारात आणि साध्या होकारी वाक्यातसुद्धा. 1611 सालच्या इंग्रजी बायबलमध्ये एकाच वाक्यात दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी सापडतात: ‘दे टॉइल नॉट, नायदर डू दे स्पिन’. पहिल्या भागात ‘डू’ नाही, दुसऱ्यात आहे. पुढे प्रश्न आणि नकार यांत तो सक्तीचा झाला आणि साध्या होकारी वाक्यातून हळूहळू गेला. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, सॉमरसेट आणि डॉर्सेटच्या बोलीत, तो साध्या वाक्यातही बराच काळ टिकला. हा ‘डू’ आला कुठून यावर वाद आहे. शेजारच्या वेल्श आणि कॉर्निश भाषांतही ‘करणे’ असाच मदतीला घेतात, तिथून तो आला असं काहीजण मानतात, बाकीचे ते मानत नाहीत.

होकारी वाक्यातून गेला म्हणाले, पण पूर्ण गेला नाही. एका कामासाठी त्याला ठेवून घेतलं, जोर द्यायला. समोरचा ‘नाही’ म्हणतोय आणि तुम्हाला ‘आहे’ ठासून सांगायचंय, तिथे ‘डू’ येतो. मराठीत हे काम ‘च’ आणि ‘की’ करतात. ‘तू गेलाच नाहीस!’ ‘गेलो होतो की!’ हा ‘की’ म्हणजे इंग्रजीतला ‘आय डिड गो’. बोलताना ‘डिड’वर आघात द्यायचा.

आता माझ्या घरातली गोष्ट. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवते. मी स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेली, कारण मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं. माझे मोठे दीर बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले. आम्ही सगळे त्यांना भाऊजी म्हणतो, मान देतो, आणि इंग्रजी पत्र म्हटलं की घरात शेवटचा शब्द त्यांचा. माझ्या मुलीच्या शिक्षणसंस्थेकडून दिवाळीच्या सुट्टीत ई-मेल आला की आमच्या नोंदीप्रमाणे तुम्ही दुसऱ्या सत्राची फी भरलेली नाही. फी भरली होती. पावती होती, बँकेचा व्यवहार क्रमांक होता. मुलीने उत्तर लिहिलं: ‘आय डिड पे द फी. द रिसीट इज अटॅच्ड.’ मला इतका आनंद झाला! पाठ केलेल्या वाक्यात असं ‘डिड’ येत नाही, ते भाषा अंगात मुरल्यावर येतं.

भाऊजींनी प्रिंट मागवली. समोर चकल्यांचं ताट, चष्मा कपाळावरून खाली घेतला, खिशातलं हिरव्या शाईचं पेन काढलं आणि ‘डिड’वर आडवी रेघ मारली. वर बारीक अक्षरात ‘पेड’ लिहिलं. म्हणाले, “डिड आणि पे एकत्र कसं येईल? हा प्रश्न आहे का?” मी म्हटलं, “भाऊजी, हे जोर द्यायला आहे. ते नाही म्हणतायत म्हणून.” त्यावर ते सगळ्यांसमोर म्हणाले, “तुमच्या शाळेत हे शिकवतात? मग मुलांचं अवघड आहे.” जाऊबाई स्वयंपाकघरात गेल्या. आमचे हे म्हणाले, जाऊ दे, सणाचा दिवस आहे. मुलगी माझ्याकडे बघत होती, आई काय लिहू म्हणून. पत्र ‘आय पेड’ असं गेलं.

‘आय पेड’ चूक नाही, व्याकरणाने ते ठीकच आहे. पण ते माहिती देणारं वाक्य आहे. ‘तुम्ही भरली नाही’ या आरोपाला उत्तर देणारं वाक्य ‘आय डिड पे’ आहे. ‘मी फी भरली’ आणि ‘मी फी भरली आहे हो!’ यातला फरक ज्याला मराठीत कळतो त्याला इंग्रजीत का कळू नये? आणि ज्यांनी आयुष्यभर ‘वी आर इन रिसीप्ट ऑफ युअर लेटर’ याच साच्यात पत्रं लिहिली, त्यांनी साच्याबाहेरचं प्रत्येक वाक्य चुकीचं ठरवावं हे मला मान्य नाही. पद मोठं म्हणून व्याकरण मोठं होत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतलं इंग्रजी म्हणून हिणवायचं असेल तर आधी ते तपासून घ्यावं.

असो. तुम्ही शिकत असाल तर एक गोष्ट नक्की सोडा: ‘डू म्हणजे करणे’ ही घोकंपट्टी. ‘व्हॉट डू यू डू?’ या वाक्यात पहिला ‘डू’ हमाल, दुसरा खरा ‘करणे’. ‘दॅट विल डू’मध्ये तो ‘पुरे’ किंवा ‘चालेल’ होतो, तिथे कोणी काही करत नाही. ‘डूइंग टाइम’ म्हणजे तुरुंगात दिवस काढणे. ‘डॉन’ आणि ‘डॉफ’ म्हणजे अंगावर घालणे आणि उतरवणे. ते ‘डू ऑन’ आणि ‘डू ऑफ’ जोडून झालेत, आणि तिथे तुम्हाला जुना ‘ठेवणे’ दिसेल. ‘डूम’ म्हणजे आधी कायदा, निवाडा, ‘ठरवून ठेवलेलं’. ‘किंगडम’, ‘फ्रीडम’ यांचं शेपूट तेच.

आणि ‘डिड यू वेंट?’ ही चूक. प्रत्येक वहीत असते. ती मुलं आळशी म्हणून करत नाहीत. त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं की ‘डिड’ने भूतकाळ घेतला, आता ‘गो’ मोकळा झाला. काळ एकदाच लावायचा. ‘डझ शी गोज’चंही तसंच, शेवटचं ‘एस’ अक्षर एकदाच. हे ज्याला कळलं त्याला ‘आय डिड गो’ आपोआप कळतं, कारण यंत्रणा एकच आहे. म्हणूनच मी म्हणते की जोराचा ‘डू’ पाचवी-सहावीतच शिकवावा, अपवाद म्हणून मागे टाकू नये. ‘बी’ आणि ‘कॅन’, ‘विल’सारखी सहायकं हा हमाल घेत नाहीत, ती स्वतःच पुढे जातात. ‘हॅव’ मधल्यामध्ये आहे. ‘हॅव यू अ पेन?’ असं जुन्या ब्रिटिश पद्धतीने विचारत, आता ‘डू यू हॅव’ सर्रास झालंय.

एक सांगायचं राहिलं. जोराचा ‘डिड’ कुठेही टाकू नका. कोणी नाकारलेलंच नसेल आणि तुम्ही ‘आय डिड ईट’ म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटेल, याच्यावर कोणी आळ घेतलाय का? आधी नकार, शंका किंवा विरोध हवा, मगच तो शोभतो. नोकरीच्या अर्जात ‘आय डिड कम्प्लीट माय डिग्री’ लिहिलंत तर ते खटकेल, तिथे ‘आय कम्प्लीटेड’च लिहा. एवढ्यापुरतं भाऊजींच्या हिरव्या शाईला मी मान देते. पण आमच्या पत्राच्या वरच ‘यू डिड नॉट पे’ असं संस्थेने स्वतः लिहिलं होतं. त्यांच्या ‘डिड नॉट’ला उत्तर ‘डिड’नेच द्यायचं असतं, आणि माझ्या मुलीने ते बरोबर दिलं होतं.