वाचकांचे प्रश्न : धिप्पाड रनिंग बॅक अडतो कुठे?

प्रश्न : मुलगी अमेरिकेत असल्याने एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, बघायची सवय लागली. बाल्टिमोरचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा खेळाडू) डेरिक हेन्री एवढा आडदांड, तरी कित्येकदा एक-दोन यार्डांतच आडवा होतो. मग त्या वजनाचा उपयोग काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : वजन कामाला येतं ते वेग आल्यावर. हेन्री 6 फूट 3 इंच आणि सुमारे 112 किलोचा. शाळेतला संवेग आठवा, वस्तुमान गुणिले वेग. सेकंदाला 6 मीटरने तो आला तर गुणाकार 672. समोरून 88 किलोचा कॉर्नरबॅक (कडेचा बचावपटू) 7 मीटरने आला तरी त्याचा 616. धडकेत मागे जाणार कोण, ते उघड आहे. पण हाच हेन्री चेंडू घेतल्याघेतल्या, वेग जेमतेम 3 मीटर असताना सापडला, की आकडा 336 वर येतो आणि किरकोळ वाटणारा गडीही त्याला थोपवतो.

म्हणून त्याला रोखायचं काम लाइनच्या, म्हणजे दोन्ही संघ जिथे समोरासमोर उभे राहतात त्या रेषेच्या, मागेच करावं लागतं. डिफेन्सिव्ह टॅकलने (बचावाच्या पुढच्या फळीतल्या मधल्या गड्याने) फटीतून घुसून त्याला धरलंच पाहिजे असं नाही, पाऊल वळवायला लावलं तरी पुरे. थबकून पुन्हा वेग घ्यायला जड माणसाला वेळ लागतो, तेवढ्यात त्या फळीमागचे बचावपटू, लाइनबॅकर, येऊन पोचतात. एकदा तो मोकळा सुटला, तर मात्र छातीला भिडण्यात अर्थ नाही. कबड्डीत दांडगा चढाईपटू घोट्याला धरून पाडतात, तसं इथेही पायाशी जावं लागतं. वर गेलात तर हेन्रीचा लांब हात आहेच. ऑक्टोबर 2020 मध्ये बफेलोच्या जॉश नॉर्मनला त्याने एका हाताने बाजूला भिरकावलं होतं.

प्रशिक्षकही त्याला वेग मिळेल असाच उभा करतात. क्वार्टरबॅक (चाल चालवणारा सूत्रधार) हा सेंटरला (त्याच्याकडे चेंडू देणाऱ्या मधल्या गड्याला) चिकटून, आणि बॅक त्यांच्या सरळ मागे, लाइनपासून सातेक यार्डांवर. चेंडू हातात येईतो त्याची तीन-चार पावलं पुढच्या दिशेने पडलेली असतात. शॉटगनमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅक सेंटरपासून मागे उभा असताना, त्याच्या शेजारी उभा केला तर तो बऱ्याचदा आडवा सरकतानाच चेंडू घेतो, म्हणजे अर्धा फायदा तिथेच गेला.

आणखी एक गैरसमज. असे खेळाडू फक्त मधूनच घुसतात, असं समालोचकही सर्रास बोलतात. टेनेसीकडून 2020 मध्ये हेन्रीने 378 धावांत (म्हणजे चेंडू घेऊन 378 वेळा पळून) 2,027 यार्ड काढले, त्यांत आउटसाइड झोनचा, म्हणजे आधी कडेला धावून एकदाच आत वळण्याचा, वाटा मोठा होता. एक वळण त्याला जमतं. दुसरं घ्यावं लागलं की पंचाईत.

प्रश्न : एकच यार्ड हवा असताना सगळ्यांत जाडजूड गड्यालाच चेंडू का देत नाहीत? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : देतात की. पिट्सबर्गच्या जेरोम बेटिसने सप्टेंबर 2004 मध्ये ओकलंडविरुद्ध पाच धावांत मिळून 1 यार्ड काढला आणि टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) केले 3! पण बेटिस 5 फूट 11 इंचांचा, 114 किलोचा, बुटका आणि रुंद. अशा ठिकाणी उंची आड येते. ज्याचा खांदा खाली तो वर उचलतो, ज्याचा वर तो मागे ढकलला जातो. न्यूयॉर्क जायंट्सचा ब्रँडन जेकब्स 6 फूट 4 इंच आणि 120 किलोच्या घरात होता. असा गडी ताठ धावला तर बचावपटूंना मांड्या आणि बरगड्या आयत्याच मिळतात. शिवाय मागे उभ्या बॅकपर्यंत चेंडू पोचेपर्यंत पुढे अडवणाऱ्यांची फळी फुटू शकते. क्वार्टरबॅकने स्वतःच मुसंडी मारली तर तो वेळ वाचतो.

प्रश्न : थर्ड डाउनला (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला) असे बॅक बाहेर का बसवतात? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तेव्हा बहुधा पास असतो. ब्लिट्झमध्ये (जादा बचावपटू क्वार्टरबॅकवर धावून येतात तेव्हा) कोण येणार हे स्नॅपआधीच, म्हणजे चेंडू खेळात येण्याआधीच, ओळखून अडवावं लागतं, नाहीतर पास झेलायला चटकन वळून पळावं लागतं. दोन्हींत निव्वळ वजन कामाचं नाही.

प्रश्न : मुलगा 16 वर्षांचा, 90 किलो, हायस्कूल संघात रनिंग बॅक. आणखी वजन वाढवायचं म्हणतो. वाढवू द्यावं का? (एक पालक, न्यू जर्सी)

उत्तर : काट्याआधी स्टॉपवॉच बघा. पहिल्या 10 यार्डांची वेळ तीनदा घ्या आणि लिहून ठेवा. दीड-दोन किलो वाढल्यावर पुन्हा घ्या. वेळ वाढली असेल तर ते वजन त्याच्या कामाचं नाही.

सरावात दोन गोष्टींवर भर द्या. पहिली, खांदा खाली ठेवणं. त्याच्या छातीच्या उंचीवर दोरी बांधा आणि चेंडू घेऊन तिच्याखालून पळू द्या. कमरेतून वाकला तर नजर जमिनीकडे जाते आणि धडक डोक्यावर बसते, तिथे लगेच थांबवा. गुडघे आणि नितंबांतून खाली जायचं, डोळे समोर. दुसरी, चेंडूची पकड. बोटं टोकावर, तळवा, कोपरापुढचा हात, दंड आणि छाती, पाचही ठिकाणी चेंडू टेकला पाहिजे आणि तो बचावपटूपासून लांबच्या हातात हवा. दांडगे खेळाडू पहिल्या टॅकलला पडत नाहीत, उभ्याउभ्या झटत राहतात. तेवढ्यात दुसरा-तिसरा येऊन चेंडूवर गुद्दे मारतो. सप्टेंबर 2025 मध्ये बफेलोविरुद्ध 169 यार्ड काढूनही शेवटच्या सत्रात हेन्रीच्या हातून चेंडू सुटला आणि बाल्टिमोर 41-40 असं हरलं.

प्रशिक्षकांना सामन्यागणिक किती धावा देणार, हेही विचारा. लॅरी जॉन्सनने 2006 मध्ये कॅन्सस सिटीसाठी 416 धावा घेतल्या, पुढच्या हंगामात पायाच्या दुखापतीने तो आठ सामन्यांतच थांबला. हेन्रीचंही 2021 मध्ये आठ सामन्यांत 219 धावांनंतर पाऊल मोडलं. सगळा दोष धावांच्या संख्येवर टाकता येणार नाही, पण मुलगा पावलाच्या बाहेरच्या कडेला दुखतं म्हणाला तर मुरगळलं असेल म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी खेळ थांबवून एक्स-रे काढा.